आमेनमावशीचे बांगडे

पोलादपूरच्या स्टँडवर, पिठाच्या गिरणीत, भाजीच्या टोपलीपाशी, कुठेही दोन बायका बोलत उभ्या असल्या आणि एकीच्या तोंडून "यंदा तरी पोरीचं जमू दे" असं काही निघालं, की मागून खणखणीत आवाज यायचा, "आमेन!" बायका दचकून वळायच्या. मागे आमेनमावशी उभी. समोरची ओळखीची आहे की नाही, तिचा देव कुठला, याच्याशी मावशीला काही देणंघेणं नसायचं. "आमच्यात त्याचा अर्थ 'असंच होवो' असा हाय," एवढं सांगून ती आपल्या वाटेला लागायची. नळाला पाणी येऊ दे, आमेन. दमा कमी होऊ दे, आमेन. मुंबईच्या पोराची नोकरी टिकू दे, आमेन. एकदा गिरणीत एक बाई जावेच्या नावाने बोटं मोडत म्हणाली, "तिचं वाटोळं होऊ दे." सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने पिठाचा डबा काखेला लावला आणि म्हणाली, "ह्याच्यावर आपला अंगठा नाय."

तिच्याविषयी लिहायचं मी बरेच दिवस टाळते आहे. इतक्या मायेच्या माणसाबद्दल लिहिताना हात मोकळा सुटायला हवा, माझा सुटत नाही. तिची आठवण आली की आधी अपराधी वाटतं आणि मग हसू येतं. हसू आधी यावं म्हणून मी खूप प्रयत्न करून पाहिला.

तिचं खरं नाव रोझालिन. माहेर समुद्रावरचं, रेवदंड्याच्या पलीकडचं. नवरा ड्रायव्हर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला लाल गाडी न्यायचा. गाडी घाट चढत असेल त्या वेळेला ही इकडे जपमाळ घेऊन बसायची. "त्याला वळणं जास्त का मला मणी जास्त, ह्याच्यावर आमची भांडणं व्हायची," असं ती सांगे. नवरा सुखरूप निवृत्त झाला आणि पुढे काही वर्षांनी साध्या तापाने घरीच गेला. "घाटात नाय गेला, खाटेवर गेला," असं म्हणून तिने देवाशी तो हिशेब मिटवून टाकला होता. एकुलता एक मुलगा मुंबईला मालाडला होता. तो दर महिन्याला बोलवायचा आणि ही दर महिन्याला नाही म्हणायची. "तिथं माळेला चाळीस बायका बसतात. माझ्यावाचून कोणाचं अडलंय? हितं मी उठले तर मेणबत्ती कोण पेटवील?"

ते खरं होतं. पोलादपुरात आमच्या माणसांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. महिन्यातून एका रविवारी फादर महाडला येत आणि एकाच्या घरी मिस्सा, म्हणजे आमची उपासना होई. बाकीचे दिवस आमचा धर्म म्हणजे स्टँडमागच्या मावशीच्या दोन खोल्या. दर बुधवारी संध्याकाळी तिथे बायकांची जपमाळ असायची. महाडच्या कारखान्यांच्या कॉलनीतल्या बायका सहा आसनी रिक्षाने यायच्या. शेजारची सुरेखावहिनी आमच्यातली नव्हे, तरी पहिल्या दिवसापासून दाराशी पाट टाकून बसायची. "मला काय कळत नाय, पण हितं बसलं की बरं वाटतं," एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, सासर श्रीरामपूरकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेची नोकरी लागली ती थेट रायगडात, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीत. राहायला खोली घेतली पोलादपुरात. पहिल्याच आठवड्यात गाडीत शेजारी बसलेल्या एका बाईने माझं मंगळसूत्र हातात धरलं. मी घाबरले. तिने त्यातला क्रूस अंगठ्याने पुसला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "गो, ही आमच्यातली!" कंडक्टरने माझं अभिनंदन केलं. त्या बुधवारी मी तिच्या घरी होते आणि पुढे एकही बुधवार चुकवला नाही. सुरुवातीला मी तिला अहोजाहो करत असे. ती एकदा वैतागून म्हणाली, "मारियामातेला तू म्हणतेस आणि मला तुम्ही? मी काय तिच्यापेक्षा मोठी हाय?"

तिच्याकडची प्रार्थना पुस्तकात बसणारी नव्हती. माळ चालू असताना चुलीवर काहीतरी शिजत असायचं, ती मध्येच उठून झाकण काढून बघायची आणि तिथूनच पुढचं म्हणायची. कॉलनीतली फिलोमिना वसईकडची, शिस्तीत वाढलेली. तिला ते खटकायचं. मावशी म्हणाली, "देवाला वास आवडत नाय असं फादर कधी बोलल्याचं मी ऐकलं नाय." एखादी बाई दोन-तीन बुधवार आली नाही आणि मग चोरट्यासारखी दाराशी उभी राहिली, की मावशी तिला आत ओढून आधी चहा द्यायची. मी एकदा शाळेतल्या सवयीने "कुठे होतात इतके दिवस?" असं विचारलं, तर मलाच बोलणी बसली. "देव हजेरी घेत नाय. ते तुझं शाळेतलं काम, ते शाळेत ठेव."

बायकांना धीर देण्याची तिची रीत अशीच होती. एका बाईचा नवरा प्यायचा आणि हात उचलायचा. ती बाई म्हणाली, "प्रभूने क्रूस वाहायला सांगितलाय, मी वाहते." मावशी माळ खाली ठेवून म्हणाली, "क्रूस उचल म्हणाला प्रभू. मार खा नाय म्हणाला." आणि दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली, लसूण निवडत. नवरा आला की म्हणायची, "ये रे, बस, चहा घे." म्हातारीसमोर हात उचलायची त्याला लाज वाटायची. असं तिने किती दिवस केलं कोण जाणे, पण त्या घरातला वर्षभराचा लसूण तिच्या हातून निवडून झाला असेल.

महाडजवळच्या तळीयेत दरड कोसळून वाडी गाडली गेली त्या पावसाळ्यात वीज नव्हती, रस्ते बंद होते, कॉलनीतून कोणी येऊ शकलं नाही. मावशी, सुरेखावहिनी आणि मी अशा तिघी बसलो. मी सुरुवात होण्याची वाट पाहत होते. मावशी म्हणाली, "आज माझ्याकडं शब्द नाय. माळ नुसती धरा." आम्ही अंधारात नुसती माळ धरून बसलो. इतक्या वर्षांत मी खरी प्रार्थना केली असेल तर ती त्या दिवशी. मग ती उठली आणि तळीयेला पाठवायच्या भाकऱ्या थापायला लागली.

आता तिच्या सोडण्याबद्दल सांगायला हवं. कुणी बाई आपलं मागणं तिच्या कानावर घाली, तेव्हा मावशी नुसतं आमेन म्हणून थांबत नसे. त्या मागण्यासाठी ती स्वतःची एखादी आवडती गोष्ट सोडायची आणि मागणं पुरं होईपर्यंत तिला शिवायची नाही. आवडती म्हणजे खरोखर आवडती. "कारलं सोडून देवाला फसवता येत नाय." ज्या बाईसाठी सोडलंय तिला ती हे सांगायची नाही, पण सुरेखावहिनीच्या पोटात काही राहत नसल्यामुळे ते सगळ्यांना कळायचं. फिलोमिनाच्या नवऱ्याची वसईला बदली व्हावी म्हणून तिने चहातली साखर सोडली. बिरवाडीला एक केरळची नर्स होती, तिला परदेशात जायचं होतं, तर मावशी उशीशिवाय झोपायला लागली. एकीच्या नवऱ्याला मुंबईत खोली मिळावी म्हणून तंबाखूची मिसरी सोडली, तेव्हा तिचा स्वभाव असा काही बिघडला की ती खोली लवकर मिळावी म्हणून आम्ही सगळ्यांनीच मनापासून प्रार्थना केली.

आणि मिळायचं. फिलोमिनाच्या नवऱ्याची बदली झाली, नर्सचा व्हिसा आला, खोली मिळाली. मावशीच्या चहात साखर परत यायची आणि बुधवारची एक बाई कमी व्हायची. आम्ही सगळ्याजणी तिच्याकडे वेगवेगळं मागतोय असं आम्हाला वाटायचं, पण नीट पाहिलं तर प्रत्येकीचं मागणं एकच होतं, इथून जायला मिळू दे. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा आम्ही तिघीच उरलो होतो. मी तिला म्हटलं, "मावशी, तुला कळतंय का? तू प्रार्थना करतेस आणि तुझीच माणसं जातात." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काय, अडकून राहा अशी प्रार्थना करू? तसली मला येत नाय."

तोवर मी माझं मागणं तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. एका बुधवारी तिनेच विचारलं, "सगळ्यांनी मागितलं. तूच काय मागत नायस. देवावर रागावलीस काय?" मग मात्र मला राहवलं नाही. माझी मुलगी ग्रेस दोन वर्षांची असल्यापासून सासूबाईंकडे होती. पोलादपुरात तिला सांभाळणारं कोणी नाही, नवऱ्याची नोकरी तिकडे. मी सुट्टीत जायची, पाहुणीसारखी. फोनवर ती माझ्याशी बोलायच्या आधी वळून विचारायची, "आजी, बोलू का?" आंतरजिल्हा बदलीसाठी मी अर्ज करून ठेवला होता. हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बदली झाली की तू पण जाणार." मी हो म्हटलं. नेहमी पाठोपाठ येणारं आमेन त्या दिवशी थोडं उशिरा आलं, पण आलं.

दुसऱ्या दिवशी सुरेखावहिनीने मला गाठलं. "बाई, तुमच्यासाठी तिनं मासे सोडले."

समुद्रावर जन्मलेल्या बाईने मासे सोडणं म्हणजे काय ते तिला जेवताना पाहिलेल्यालाच कळेल. मासळीवाली दारावरून गेली की मावशी उगाच तिला थांबवायची, टोपली उघडायला लावायची, भाव विचारायची, नावं ठेवायची आणि काहीही न घेता परत पाठवायची. मासळीवालीने तिच्या दारात थांबणं सोडून दिलं. मी तिला म्हटलं, "मी माझं मागणं परत घेते. तू मासे खा." ती म्हणाली, "देवाकडचं मागणं म्हणजे बाजारातलं भांडं हाय, परत करायला? आणि पोरीला काय सांगशील?" एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. माळेच्या प्रार्थनेचे दोन भाग असतात, पहिला एकीने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. पहिला मावशी म्हणायची. दुसरा म्हणायला आता मी एकटीच होते. सुरेखावहिनी ऐकायची. मी तोंडाने म्हणत असायची आणि मनात येई, माझी बदली झाली तर हिला उत्तर कोण देणार? आणि नाही झाली तर ही मासे कधी खाणार? ग्रेससाठी रडायला येई आणि मावशीसाठीही, आणि दोघींपैकी कुणाचं भलं मागू हे कळत नसे.

बदलीचा आदेश आला त्या दिवशी मी शाळेतून परस्पर महाडला गेले. सांगायचं कसं ते सुचत नव्हतं, म्हणून बाजारातून बांगडे घेतले आणि पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मिळाली?"

मी मान हलवली. ती उठली, बांगडा हातात धरून उजेडाकडे नेला आणि तिचा पारा चढला. "कोणी दिले तुला हे? डोळे बघ ह्याचे! मास्तरीण दिसली आणि फसवली." शिव्या देत देतच तिने ते साफ केले, कोकम टाकून कालवण केलं. सुरेखावहिनी पाटावर बसून पदर तोंडाला लावून रडत होती. मावशी मात्र भातावर कालवण ओतून काटे चोखत जेवली, बोटं चाटली, पुन्हा वाढून घेतलं. मी भात नुसता चिवडत बसले होते. "खा गो," ती म्हणाली. "देवानं दिलेलं रडत खाऊ नये. त्याला वाटंल, हिला नको होतं."

स्टँडवर सोडायला आली तेव्हा तिने मला एकच गोष्ट सांगितली. "पोरीवर झडप घालू नको. लगीच आई व्हायला जाऊ नको. आधी तिची शेजारीण हो." गाडी सुटली तेव्हा ती हात हलवत नव्हती, सुरेखावहिनीशी काहीतरी वाद घालत होती. मी मुद्दाम पुढची सीट धरली होती, मागे बघायला नको म्हणून.

मी शेजारीण झाले. ग्रेसच्या वह्यांना कव्हरं घातली, तिच्या वेण्या घालायला मागितल्या नाहीत, ती आजीजवळ झोपायची ते झोपू दिलं. दर बुधवारी मावशीला फोन करायची. सुरेखावहिनीने प्रार्थनेचा दुसरा भाग पाठ केलाय, चुकतमाकत म्हणते, असं मावशीने मला अभिमानाने सांगितलं. "आता ती पहिला पण मागतेय, मी म्हटलं थांब." तिने ग्रेसचं विचारलं आणि मी बोलून गेले, की अजून आजीजवळच झोपते, माझ्याकडे येत नाही. मी असं बोलायला नको होतं. मला तिची रीत माहीत होती. दोन दिवसांनी सुरेखावहिनीचा फोन आला, "बाई, तिनं परत मासे सोडले."

पुढच्या बुधवारी मी सरळ खोटं बोलले. "मावशी, ग्रेस आली माझ्याजवळ. झोपते आता माझ्याचकडे."

"दे बघू तिला फोन."

"झोपली ती."

"संध्याकाळी सातला?" ती हसली. "खोटं नको बोलू गो. बांगडे काय कुठं पळून जात नायत. पोरीला घाई करू नको."

त्या पावसाळ्यात तिला ताप भरला. मुलगा मालाडहून आला, येताना बायकोने केलेलं पापलेटाचं कालवण घेऊन आला. म्हातारीला चव येईल म्हणून त्याने ताटलीत वाढलं. मावशीने ताटली बाजूला सारली. "अजून फोन नाय आला," ती म्हणाली. मुलाला काही उमजलं नाही. सुरेखावहिनी तिथेच होती, तिला उमजलं, पण मला फोन करावा की नाही हे तिला ठरवता आलं नाही. चार दिवसांत मावशी गेली. मुलाने तिला दफनासाठी मुंबईला नेलं. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं, माती द्यायलाही मी पोचले नाही. माझ्या मागण्यामुळे ती अर्धपोटी गेली, असं मी फादरना सांगितलं. ते म्हणाले, असं मनाला लावून घेऊ नका, तिने आनंदाने केलं. ते मलाही माहीत आहे. पण मी त्या दिवशी फोनवर बोलले नसते तर ती पापलेट खाऊन गेली असती, हेही मला माहीत आहे.

मग एका रविवारी, मिस्सेहून आल्यावर दुपारी मी आडवी झाले होते. ग्रेस आपली उशी काखेत घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून पडली. "आजी घोरते," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचा पाय माझ्या पायावर आला. ती झोपून उठेपर्यंत मी कूस बदलली नाही. मग फोन उचलला, आणि मावशीचा नंबर लावायला निघालेलं बोट तसंच राहिलं. शेवटी सुरेखावहिनीला लावला. ग्रेस आली एवढंच सांगता आलं. ती म्हणाली, "थांबा बाई," आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. सकाळी महाडला जाऊन तिने बांगडे आणले होते, डोळे बघून. मावशी करायची तसं कोकम घालून कालवण केलं, भात केला, केळीच्या पानावर वाढलं आणि ते पान मावशीच्या बंद घरामागच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर नेऊन ठेवलं. "आमच्यात माणसाचं काय राहून गेलं असलं तर कावळ्याला असं पान ठेवतात," ती म्हणाली. "तुमच्यात चालतं का नाय मला ठाव नाय. तुम्ही फादरला विचारू नका."

बांगड्यावर कावळा येणारच, त्यात नवल ते काय, हे मला कळत होतं. आमच्यात हे मानत नाहीत, तेही कळत होतं. तरी मी विचारलं, "शिवला?"

"शिवला म्हणजे! मी हात काढला नाय तोवर." मग तिचा आवाज बारीक झाला. "पण बाई, खायला ती पायजे होती."